जनी

जनी मूळची जूनो. घोरपडीच्या एका लष्करी बंगल्यात जन्मली, तिथल्या मेजरसाहेबांची बदली झाली आणि १९६७च्या पावसाळ्यात ती आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात आली. रोमन देवतेचं नाव कुत्रीला हाक मारायला घेणं आजीला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधभात पुढे ठेवताना ती "जने, ये" म्हणाली, कुत्रीने शेपूट हलवून ते मान्य केलं आणि विषय मिटला.

जात पॉइंटर. पांढऱ्या अंगावर काताच्या रंगाचे मोठे डाग, केस इतके आखूड की हात फिरवला तर कातडीच लागावी, आणि बरगड्या मोजता येतील असा बांधा. पॉइंटर असाच असतो हे वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंना कोण सांगणार? "कुत्रीला खायला घालता ना हो?" हा प्रश्न आईने वर्षानुवर्षं ऐकला.

तिला आणलं दादाकाकांनी. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी, बारा बोअरची दुनळी, रीतसर परवाना आणि रविवारची सुट्टी, एवढं जमल्यावर त्यांना फक्त कुत्रं कमी होतं. हाकारे घालून डुक्कर उठवणारी गावठी कुत्री पुष्कळ मिळत. पण माळावरचा लावा शोधायला वासावर चालणारं आणि वास लागला की थांबणारं कुत्रं लागतं. यातलं थांबणं अवघड. कुठलाही शिकारी प्राणी झेप घेण्याआधी क्षणभर थबकतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पॉइंटरमध्ये तो क्षण लांबवत नेला आणि झेप जवळजवळ पुसून टाकली. त्यामुळे हे कुणी शिकवावं लागत नाही. पॉइंटरच्या लहान पिल्लापुढे दोऱ्याला बांधलेलं पीस नाचवलं तरी ते पाय उचलून उभं राहतं.

आम्हा मुलांना ही विद्या दिसली ती अंगणात. आजी ओट्यावर तांदूळ निवडायची, चिमण्या उतरायच्या, आणि जनी चालता चालता एकदम ताठ व्हायची. उजवा पाय छातीशी दुमडलेला, मान पुढे, शेपूट पाठीच्या रेषेत, डोळा लवत नाही. मग नळावर जाणारी बाई घागर कमरेवर घेऊन तिथेच उभी, सायकल आत आणणारा मनुष्य दिंडीतच उभा. कुणी सांगितलेलं नसताना सगळा वाडा कुत्रीसाठी खोळंबून राही. शेवटी आजी "पुरे गं तुझं" म्हणून सूप आपटायची, चिमण्या उडायच्या आणि रहदारी सुरू व्हायची.

लाव्यांचा हंगाम हिवाळ्याचा. परदेशी बटेर पावसाळा सरता सरता उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. ज्वारी-हरभऱ्याची रानं ही त्याची आवडती जागा. दगडी लावा मात्र इथलाच, बारमाही, खडकाळ माळाचा. त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेही आमच्याच मुलखामुळे. कंपनी सरकारच्या फौजेतल्या साईक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८२४पासून काही वर्षं दख्खनची पाहणी केली. माणसं, पिकं, पाऊस, भाव यांच्या नोंदी घेता घेता त्याने पक्ष्यांचीही यादी केली, आणि १८३२ साली ज्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं त्यांत हा दगडी लावा आहे.

दादाकाका जायचे वडकीच्या बाजूला, दिवे घाटाच्या पायथ्याशी. मित्राची जीप, मागे जनी आणि सातवी-आठवीतली मी. तिथल्या माळावर फासेपारध्यांची पालं होती. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ आमचे वाटाडे. मोठी माणसं त्यांना नावाने हाक मारत, मी बाबा म्हणे. घरात ते गुजरातीच्या अंगाने जाणारी आपली बोली बोलत, आमच्याशी मराठी. कुठल्या पट्टीत थवा बसलाय हे ते आदल्या संध्याकाळच्या आवाजावरून सांगायचे. निघताना मूठभर माती सोडून वारा बघायचे आणि आम्हाला लांबचा वळसा घालायला लावायचे, म्हणजे जनीच्या नाकाशी वारा समोरून येईल. दादाकाकांना घाई असे. बाबा म्हणत, "मालक, नाक तिचं आहे. तुमच्या बंदुकीला कुठं वास येतो?"

दव असेपर्यंतच खरं काम. तोवर वास गवताच्या बुंध्याशी रेंगाळतो. दहाच्या सुमाराला माळ तापला की उत्तम कुत्रंही आंधळं होतं. जनी आमच्यापुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पट्टे मारत जायची. पवन्या आणि कुसळी गुडघाभर वाढलेली, त्यातून फक्त पाठ आणि शेपूट दिसे. मग ते शेपूट थांबायचं. बाबा हलकेच म्हणायचे, "खिळली." पुढची दहा पावलं दादाकाका जी चालत, तसं जपून ते देवळातही चालत नसत. दगडी लाव्यांचा थवा गोल करून, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर करून बसतो, आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. उठतो तेव्हा सगळे एकदम आणि सगळ्या दिशांना, फर्रकन. माणूस दचकतोच. दादाकाकांचे निम्मे बार आभाळात जात. पडलेला पक्षी मातीच्याच रंगाचा, तो गवतातून शोधून काढायचे बाबा. जनीला त्यात रस नसे. पक्षी उडाला की तिच्या लेखी प्रकरण संपलं.

परतल्यावर जीपच्या मागच्या फळीवर तिला आडवी करून मी कुसळं काढायची. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात ती टोकदार बी पिळदार शेपटी घेऊन आत आत शिरत जाते. दिसली नाही तर आठवड्यात गळू. जनी माझ्या मांडीवर पंजा टेकून स्वस्थ पडून राही, गोखरू उपटला की तेवढं नाक आक्रसायची. लाव्यांचा रस्सा मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात. एवढासा पक्षी, घासभर मांस. आजी त्या दिशेला बघतही नसे.

बाबांनी एकदा एक गोष्ट सांगितली, ती मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली. जनी खिळलेली असताना ते म्हणाले, "बंदूक कशाला? हिच्या पुढं वाघूर पसरली तर थवाच्या थवा मिळंल." दादाकाका हसले. पण युरोपात पक्षी दाखवणाऱ्या कुत्र्यांची सुरुवात नेमकी अशीच झाली. उडता पक्षी टिपणारी बंदूक यायच्या कितीतरी आधी तिथले जाळेवाले असं कुत्रं पुढे सोडत. ते दबून बसलं की जाळं ओढत आणत आणि पक्ष्यांवर टाकत, कधी कुत्र्यासकट. इंग्रजांच्या पुस्तकांतलं ते शहाणपण आमच्या बाबांना एका सकाळीत सुचलं होतं, आणि सरकारदरबारी त्यांच्या जमातीची ओळख १९५२पर्यंत 'गुन्हेगार' अशी होती.

धाकटे अण्णाकाका शाळेत ड्रॉइंग मास्तर. बंदुकीच्या आवाजाने त्यांना घाम फुटे, पण जनीवर त्यांचा जीव, कारण असं मॉडेल कुठल्या कलाशाळेत मिळत नाही. एका बुधवारी जुन्या बाजारातून त्यांनी तडा गेलेल्या काचेची एक तसबीर आणली. जॉर्ज स्टब्जच्या 'स्पॅनिश पॉइंटर' या चित्राची छापील प्रत. मूळ चित्र १७६६च्या सुमाराचं आणि आता म्युनिकमध्ये. वूलेटने त्याचं कोरीवकाम १७६८ साली केलं आणि तो कुत्रा घरोघर पोचला. मोकळं रान, एक झाड, खिळलेला कुत्रा. माणूस नाही. अण्णाकाकांनी ती तसबीर जनीच्या गोणपाटावर टांगली. घरात सगळ्यांना वाटलं, आता ही भुंकेल. जनीने त्या कुत्र्याकडे जन्मभरात एकदाही पाहिलं नाही. ज्याला वास नाही ते तिच्या जगात नव्हतंच.

मग १९७२ उजाडलं. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. माळावर गवत नाही, रानात दाणा नाही, माणसं सुकडी आणि लाल मिलोवर. दादाकाका एकदा वडकीला जाऊन आले आणि म्हणाले, यंदा बंदूक नको. त्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याने लाव्यांची शिकार लगेच संपूर्ण बंद झाली नाही. लहान शिकारीचे परवाने कायद्यात होते, शिकारीला सरसकट मनाई झाली ती १९९१च्या दुरुस्तीने. पण परवान्याचे हेलपाटे वाढले आणि दादाकाकांचं मनही उडालं होतं. दुनळी विकली. कायदा योग्यच होता, याबद्दल मला आजही शंका नाही. एवढंच की त्याने जनीचं काम गेलं तेव्हा तिला दूधभात चालू राहिला. बाबांचं गेलं तेव्हा त्यांच्या हातात दुष्काळी कामावरची खडी फोडायची हातोडी आली, आणि त्यांच्या कुळाला शेकडो वर्षांची जी रानाची माहिती होती ती कुणी विचारली नाही.

विचारली ती अण्णाकाकांनी. पुढच्या हिवाळ्यात गवत परतलं आणि आमच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी एसटीने नि पायी, बंदुकीऐवजी ड्रॉइंग बोर्ड घेऊन. बाबांना दादाकाका देत तेवढेच पैसे, तेवढीच चहा-भाकरी. मातीची मूठ, लांबचा वळसा, सगळं तसंच. पहिल्या खेपेला जनी खिळली, अण्णाकाकांनी कोळसा काढला आणि भराभर ओढायला लागले. जनी उभी. बराच वेळ झाला. बार नाही. शेवटी तिने मान जरा वळवून मागे पाहिलं, अंगाचा एकही स्नायू न हलवता. ती नजर कारकुनाने फायलीचं पान न उलटता साहेबाकडे टाकावी तशी होती. बाबांनी ढेकूळ फेकलं, लावे उडाले, आणि ती पुढच्या पट्ट्याला लागली. दोन-चार खेपांत तिने मागे बघणंही सोडलं. मला वाटतं, बंदूक ही तिच्या दृष्टीने एक कर्कश सवय होती, आमची.

त्या रेखाटनांतून अण्णाकाकांनी मोठं तैलचित्र केलं आणि बालगंधर्वच्या कलादालनात एका सामूहिक प्रदर्शनात लावलं. मध्यभागी बाबा, मुठीतून माती सोडताना. डावीकडे जनी, कानात कुसळ अडकलेली. लोक विचारत, "शिकारीचं चित्र ना? मग शिकारी कुठाय?" अण्णाकाका बाबांकडे बोट दाखवत. त्यांचा विलायती शिकारचित्रांवर राग नव्हता, तक्रार होती. कुत्री फार धुतलेली असतात, म्हणायचे, आणि वाट दाखवणारा माणूस कडेला ढकललेला असतो. अमेरिकेत ओस्टहाउस नावाच्या चित्रकाराने पॉइंटर आणि सेटर जन्मभर रंगवले, त्यांतली विजेती कुत्री ड्युपाँट या बंदुकीची दारू करणाऱ्या कंपनीसाठी. ते ऐकून दादाकाका म्हणाले, "आमच्या फॅक्टरीने तुला कधी विचारलं का रे?" अण्णाकाकांचा खरा आदर्श पुण्यातलाच होता. गंगाराम तांबट, सवाई माधवरावांच्या काळातला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९०मध्ये समोर बसून काढला, तो आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जनावर जसं आहे तसं काढायचं, हा धडा आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, असं ते वर्गातही सांगत.

अमेरिकेत जॉर्जियातल्या थॉमसव्हिलकडची लाव्यांची शिकार माझ्या भाच्याने अलीकडे पाहिली. खेचरांच्या गाड्यांत कुत्र्यांचे पिंजरे, घोड्यावर वाटाड्या, गाडीच्या गाद्यांवर पाहुणे. सगळं नेटकं आणि महाग. फोटोत एक पॉइंटर खिळलेला आहे. उचललेला पाय तोच, शेपूट तेच.

जनी म्हातारपणी बहिरी झाली, मग डोळ्यांत सारा पडला. नाक शेवटपर्यंत शाबूत. चिमण्यांवर ती अंगणात उभी राहायची, फक्त पाय उचलून तोल राहत नसे, म्हणून चारही पाय टेकून. १९८०च्या थंडीत गेली. बाबा त्याआधीच गेले होते. वाडा पुढे पडला. चित्र माझ्याकडे सहकारनगरला आहे आणि विकायचं नाही.

वडकीच्या माळावर आता गोदामं आहेत, पण जिल्ह्यातलं गवत सगळं संपलेलं नाही. इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. कॅमेरा घेऊन जरूर जा, वाटाड्या सोबत घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. मात्र घरचं कुत्रं तिथे नेऊ नका, आणि सासवड-जेजुरीच्या माळांवर पावसाळ्यात फिरायला गेलात तर त्याला मोकळं सोडू नका. लाव्याचं घरटं म्हणजे गवताच्या बुंध्याशी केलेला एक खळगा, तो तुम्हाला दिसणार नाही, कुत्र्याला सापडेल. आणि तुमचं कुत्रं बहुधा पॉइंटर नसेल, थांबणार नाही. साखळी हातात असू द्या.