नाव मोठी, लक्षण खोटे?

‘नाव मोठे, लक्षण खोटे’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. पण मराठी भाषेची गंमत अशी, की ‘नाव’ नपुंसकलिंगी घेतले तर ते माणसाला चिकटते आणि स्त्रीलिंगी घेतले तर थेट पाण्यात उतरते. या दुसऱ्या प्रकारच्या एका नावेने गेले काही महिने माझ्या मनात नांगर टाकला आहे. ती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. छायाचित्रांतून आणि चित्रफितींतून मात्र इतक्या वेळा पाहिली आहे, की तिचा आराखडा मी डोळे मिटून काढू शकेन.

ही नाव म्हणजे अमेरिकेतील धनिकांची, हौसेखातर मासे पकडण्याची यांत्रिक नौका. तिचे रूप मोठे देखणे असते. पुढची नाळ उंच आणि ताठ. तिथून एक रेषा डौलात खाली उतरत येते आणि मागे पाण्याला जवळजवळ टेकते. वर मनोरा. त्यावर उभे राहून कप्तान लाटांतला माशाचा पर आणि आकाशातले पक्षी न्याहाळतो. दोन्ही बाजूंना नाकतोड्याच्या मिशांसारख्या लांब काठ्या. त्यांच्यावरून सोडलेली आमिषे नावेमागून नाचत येतात. आणि मागच्या मोकळ्या जागेत मधोमध एक भक्कम खुर्ची, दंतवैद्याच्या खुर्चीची जणू थोरली बहीण! मासा गळाला लागला की यजमानांनी तिच्यात बसायचे आणि कंबरेला पट्टा आवळून त्याच्याशी झुंजायचे. मासाही तसाच तोलामोलाचा असतो. मार्लिन त्याचे नाव.

या मार्लिनची आपल्यापैकी अनेकांची पहिली ओळख पु. ल. देशपांडे यांनी करून दिली. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीचा त्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने अनुवाद केला. त्यातल्या म्हाताऱ्याची होडी ती केवढीशी! वल्ही, ठिगळांचे शीड आणि हातात दोर. पण खुद्द लेखकाची नाव मात्र वेगळी होती. १९३४ साली हेमिंग्वेने ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून ‘पिलार’ नावाची ३८ फुटी मोटरनौका घेतली. किंमत सुमारे साडेसात हजार डॉलर; त्यासाठी त्याने एका मासिकाकडून आगाऊ मानधन उचलले. (लेखकांची ही रीत सर्व भाषांत सारखीच दिसते!) तिची मागची बाजू त्याने मुद्दाम खाली उतरवून घेतली आणि त्यावर लाकडी रूळ बसवून घेतला. हेतू एकच, मासा सहज आत ओढता यावा. आज ती नाव हवानाजवळ त्याच्या घराच्या आवारात जपून ठेवलेली आहे.

हौस इथे थांबली असती तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. १९४७ मध्ये फ्लॉरिडातील रायबोविच कुटुंबाने खास याच शिकारीसाठी नौका बांधली, आणि तिथून या नावांचे एक घराणेच सुरू झाले. पुढे चाळीसाचे साठ फूट झाले, साठाचे नव्वद झाले. नव्वद फुटी नावेत प्रत्येकी दोन-अडीच हजार अश्वशक्तीची दोन इंजिने असतात. या दशकात तर नेदरलँड्समधील रॉयल हुइस्मान या १८८४ पासून जहाजे बांधणाऱ्या कारखान्याने या घाटाची सुमारे १७१ फूट लांबीची नौका बांधली. गळ टाकून मासा धरण्यासाठी १७१ फूट!

आता थोडे शाळेतले गणित करू. ‘पिलार’च्या मानाने ही लांबी साडेचार पट. पण एखादी वस्तू सर्व बाजूंनी साडेचार पट मोठी केली, की तिचे घनफळ नव्वद पटींच्या घरात जाते. आणि मार्लिनशी झुंजताना तर नावेला हरिणासारखे चपळ असावे लागते. मासा एकाएकी उलटला, की तीही उलटी चालवत त्याच्यामागे धावावे लागते. पाणी आत आले तरी बेहत्तर. जड नावेला हे सोपे नसते. म्हणून इंजिन मोठे. मोठ्या इंजिनाला तेल अधिक. अधिक तेलाला टाकी मोठी. आणि टाकीला जागा हवी म्हणून नाव पुन्हा मोठी. लंगोटी उंदरांपासून वाचावी म्हणून मांजर, मांजरासाठी गाय आणि गाईसाठी संसार मांडून बसलेला गोष्टीतला साधू तो हाच! मोठी नाव वेगात निघाली की तासाला पाचशे लिटरांहून अधिक डिझेल जाळते. कप्तान, तंत्रज्ञ, खलाशी यांचे पगार वेगळेच. किमतीच्या दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला धरावा, असा त्या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे.

कुणी म्हणेल, तिकडे स्पर्धांत बक्षिसेही मोठी असतात. असतात खरी. २०२३ साली उत्तर कॅरोलायनातील मोरहेड सिटीच्या स्पर्धेत एका नावेने ६१९ पौंडांचा मार्लिन आणला. पण वाटेत शार्कने त्याचा लचका तोडला होता. नियमाप्रमाणे मासा बाद झाला आणि सुमारे ३५ लाख डॉलर हातचे गेले. म्हाताऱ्याच्या होडीमागे लागलेले शार्क अजून तसेच आहेत. नाव केवढी आहे हे ते पाहत नाहीत. शिवाय अटलांटिकातले मार्लिन आता इतके घटले आहेत, की अमेरिकेच्या हौशी मासेमारांनी वर्षाकाठी सर्वांनी मिळून २५० नगच किनाऱ्यावर आणावेत असा कायदा आहे. बाकीचे धरायचे, खूण अडकवायची आणि सोडून द्यायचे. म्हणजे एवढा खटाटोप करून संध्याकाळी नाव रिकामीच परतते!

तरीही तिला नुसते हसून मला सोडून देता येत नाही. निरुपयोगी आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट टाकायची ठरवली, तर आधी आपल्या कलाशाखेलाच कुलूप लावावे लागेल. खोल समुद्रात, जमीन दिसेनाशी झाल्यावर, आपल्यापेक्षा बलाढ्य अशा जीवाची ओढ हातातल्या दोरीतून जाणवावी ही इच्छा मला क्षुद्र वाटत नाही. मार्लिन सोडून देण्यात तर मला मोठेपणाच दिसतो. माझी तक्रार वेगळी आहे. मनुष्य जी गोष्ट जवळ यावी म्हणून साधने गोळा करतो, ती साधनेच हळूहळू मध्ये येऊन उभी राहतात. नव्वद फुटी नावेच्या थंडगार दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला समुद्र खिडकीतून दिसतो. तो समुद्र आपण घरी बसूनही पाहतो, आणि तोही फुकट!

जगातला सर्वांत मोठा अधिकृत काळा मार्लिन १९५३ साली पेरूच्या काबो ब्लांको किनाऱ्यावर आल्फ्रेड ग्लासेल यांनी धरला. वजन १५६० पौंड, झुंज पावणेदोन तासांची. सत्तर वर्षे उलटून गेली. नावा वाढल्या, इंजिने वाढली; तो विक्रम मात्र जागचा हललेला नाही.

म्हणून ती म्हण मी थोडी बदलून घेतली आहे. नाव मोठी असली तरी लक्षण अगदीच खोटे नाही. तिच्यात एक खरी जागा उरलेली आहे. ती म्हणजे मागची, पाण्याला टेकणारी, लाटांनी भिजणारी हातभर उंचीची कड. तिच्यावर कितीही मजले चढवा, मासा भेटायचा तो तिथेच, आणि त्यासाठी धन्याला सगळे जिने उतरून खाली यावेच लागते. म्हाताऱ्याच्या होडीला एकही जिना नव्हता.