माहेरच्या वाटेवरची मासळी

मी पडले रत्नागिरीची. मासळीशी माझा संबंध दाराशी पाटी उतरवणाऱ्या मावशीपासून सुरू होतो आणि ताटात संपतो. कल्ले उघडून ताजेपणा पाहणं, भावासाठी हुज्जत घालणं, साफ करणं, वाटण-घाटण करणं हे सगळं डोळे मिटून जमतं. पण साठी आली तरी एक मासा म्हणून मी स्वतः कधी पकडला नव्हता. तो योग आला थेट न्यूझीलंडमध्ये, टोंगारिरो नदीच्या काठी!

आम्ही दोघं ऑकलंडला गेलो होतो ती लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. पहिल्या खेपेला मला जाता आलं नव्हतं. त्या वेळी तिने फोनवर विचारलं होतं, "आई, मी बाळंतपणाला घरी येऊ का गं?" आणि मी नको म्हणाले होते. सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं जागेवर करावं लागे. त्यात बाळंतीण आणि तान्हं मूल माझ्या एकटीच्याने निभलं नसतं. लेक फक्त "बरं" म्हणाली. पुढे नात झाली, सासूबाई गेल्या, चार वर्षं उलटली. पण तो "बरं" काही माझ्या कानातून गेला नाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललोही नाही.

आमच्या ह्यांना खाडीवर गळ टाकून बसण्याचा भारी नाद. म्हणून जावईबापूंनी सासऱ्यांसाठी खास बेत आखला. तूरांगी नावाच्या छोट्या गावी दोन रात्री मुक्काम आणि एक दिवस गाइड घेऊन रेनबो ट्राउटची शिकार. मे महिना होता. आपल्याकडे आंब्याची अढी आणि घामाच्या धारा, तर तिकडे शरद ऋतू सरत आलेला. ऑकलंडहून मोटारीने चार-साडेचार तासांचा रस्ता. शेवटचा टप्पा टाउपो तळ्याच्या काठाकाठाने जातो. तळं कसलं, समुद्रच तो! सहाशे चौरस किलोमीटरहून मोठं, ज्वालामुखीच्या स्फोटांनी झालेल्या खळग्यात साठलेलं. तळ्याच्या दक्षिण टोकाशी टोंगारिरो येऊन मिळते आणि तिच्याच काठी तूरांगी वसलं आहे. नदीकाठचे पॉपलर आणि विलो हळदीसारखे पिवळे झाले होते आणि लांब रुआपेहू पर्वताच्या माथ्यावर बर्फ चमकत होतं.

आणि नेमका आदल्या संध्याकाळी ह्यांचा गुडघा सुजला! पायरी उतरवेना, तर नदीत काय उतरणार? जावईबापू म्हणाले, "आई, मग तुम्हीच जा. मी बाबांना आणि छोटीला ट्राउट केंद्र दाखवून आणतो." मी आधी हसले. मग आठवलं, गाइडचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. भरलेले पैसे फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. परवाना मात्र ज्याचा त्याच्या नावावर लागतो. त्यामुळे माझ्या नावाचा एका दिवसाचा परवाना लगोलग काढला. टाउपो भागाचा परवाना उरलेल्या देशापेक्षा वेगळा असतो, बरं का. किती मासे ठेवायचे, केवढ्या लांबीचे ठेवायचे, याचे नियम ठरलेले असतात.

आमची गाइड म्हणजे पन्नाशी उलटलेली, उंचपुरी, दोन नातवंडांची आजी निघाली. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि छातीपर्यंत येणारी एक रबरी विजार पुढे केली. नऊवारी नेसलेली आजी आणि पाचवारीतली आई डोळ्यांसमोर आल्या. पण चढवली विजार! आत लोकरी मोजे आणि लोकरी स्वेटर घालायला लावला. सुती कपडा भिजला की अंग गारठतं, लोकर भिजली तरी ऊब धरते. वरून कमरेला पट्टा घट्ट आवळला. पाय घसरलाच तर विजारीत पाणी भरू नये म्हणून. बुटांचे तळवे तिने आधीच धुऊन वाळवून आणले होते. एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून तिथे फार जपतात. म्हणूनच बुटांना पूर्वी असायचे ते नमद्याचे तळवे 2008 सालापासून बंद केले आहेत.

मग तिने आमिषाची डबी उघडली आणि मला आपलं घरच दिसलं. आत लोकरीचे गोंडे, पिसं, तांब्याची तार! गांडूळ नाही की कोळंबी नाही. गळाला दोरा-पिसं गुंडाळून पाण्यातल्या किड्यांच्या अळीसारखी नक्कल करतात. एक गोंडा गुलाबी, वाटाण्याएवढा होता. तो माशाच्या अंड्याची नक्कल. क्रोशाची कामं करून करून माझी बोटं सरावलेली, त्यामुळे गाठ मारायला मी चटकन शिकले. गाइडबाई खूष झाली. म्हणाली, "पुरुषांना ही गाठ शिकवायला मला अर्धा तास लागतो."

हे रेनबो ट्राउट मुळात तिथले नव्हेतच. 1883 साली कॅलिफोर्नियाहून त्यांची अंडी न्यूझीलंडला आणली आणि पुढे ते टाउपोत सोडले. तिथे ते असे काही पोसले, की 1926 साली झेन ग्रे हा अमेरिकन कादंबरीकार मुद्दाम इथे मासे मारायला आला. पण या वैभवाची दुसरी बाजूही गाइडबाईने सांगितली. तळ्यातली कोआरो ही चिमुकली मासळी माओरी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न होती. ट्राउटने तिचा फडशा पाडला. तळ्याचा तळ तूफारेतोआ या जमातीचा. 1926 साली सरकारने तो आपल्याकडे घेतला आणि परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा जमातीला द्यायचं ठरलं. 1992 साली तो पुन्हा जमातीच्या नावावर झाला.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या देशात ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे! बाजारात नाही, खानावळीच्या यादीत नाही. मूठभर डॉलर फेकले तरी मिळायचा नाही. स्वतः पकडा, नाहीतर कुणी पकडून दिला तर खा. पकडलेला मासा लोक मानुका नावाच्या झाडाच्या भुश्यावर, जराशी साखर चोळून, धुरी देऊन शिजवतात. जन्मभर भाव करत आलेल्या बाईला ही मोठीच अडचण!

नदीत पाऊल टाकलं आणि थंडी गुडघ्यातून मस्तकात गेली. पाणी काचेसारखं, तळाचा गोटा न्‌ गोटा दिसणारा. गाइडबाईने माझा दंड धरून ठेवला होता. लेक काठावर घडीची खुर्ची टाकून, पोटावर शाल ओढून बसली होती. सहावा महिना लागला होता तिला. काठी हलवायची ती जोराने नव्हे, घड्याळाच्या लंबकासारखी. दोर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि वर तरंगणाऱ्या लोकरीच्या पांढऱ्या झुबक्यावर नजर ठेवायची. झुबका बुडाला किंवा नुसता थबकला, की काठी उचलायची. पहिल्या तासात मी विलोची फांदी पकडली, स्वतःची टोपी पकडली आणि काठावरून लेकीचं खदखदून हसणं ऐकलं. किती दिवसांनी ऐकलं ते! मधेच ह्विओ नावाची निळसर बदकांची जोडी शीळ घालत गेली. तिथल्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

अकराच्या सुमाराला झुबका थबकला. मी काठी उचलली आणि पलीकडून कुणीतरी हिसका मारला! दोर सर्रकन पळाला. मासा पाण्याबाहेर उसळला तेव्हा अंगावरचा गुलाबी पट्टा उन्हात लखलखला. "सोड, पळू दे. आता घे. आता पुन्हा सोड," गाइडबाई बजावत होती. रागावलेल्या मुलाला समजवावं तसंच ते. ओढून धरलं तर दोर तुटतो. दहा मिनिटांनी माझे हात थरथरत असताना तिने तो जाळ्यात घेतला, जाळं मात्र पाण्यातच ठेवलं. आपले हात ओले केले आणि अलगद पोट दाखवलं. टम्म फुगलेलं.

"मादी आहे. अंडी आहेत पोटात. नियमात बसते, हवी तर ठेवा."

माझ्या डोळ्यांपुढे आधी काय आलं असेल? गाबोळी! तव्यावर परतलेली, लाल तिखट लावलेली. खोटं कशाला बोलू? तोंडाला पाणी सुटलं. मग मी विचारलं, ही चालली कुठे?

गाइडबाईने सांगितलं, की थंडी पडू लागली आणि पावसाने नदी फुगली की तळ्यातले ट्राउट नदीत शिरतात आणि प्रवाहाच्या उलट वर चढतात. ज्या ओढ्यात स्वतः अंड्यातून बाहेर आले, बहुतेक तिकडेच वळतात. पाण्याच्या वासावरून वाट ओळखतात म्हणे. वर गेल्यावर मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा वाळू-गोटे लोटते. त्यातून ज्या वाचतात त्या रोडावून तळ्यात परततात. काही पुढे पुन्हा येतात.

मला दुसरं काही सुचेना. "सोडा तिला," एवढंच म्हणाले. गाइडबाईने गळ काढला, तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले दोन-चारदा हलले, शेपटी वळली आणि ती गेली. वरच्या दिशेने.

काठावर आले तर लेक उभी राहिली होती. "आई, सोडलीस? एवढी मोठी?"

"माहेरी चालली होती गं बाळंतपणाला."

ती काही बोलली नाही. खुर्चीची घडी घालत बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मलाही यायचं होतं."

"ठाऊक आहे मला."

"आजीचं करत होतीस, ते कळत होतं मला. तरी यायचं होतं."

"मला बोलवायचं होतं," मी म्हटलं. मग रबरी विजारीतच तिला जवळ घेतलं. दोघी ओल्या झालो, कुठून कोण ते विचारू नका.

दुपारनंतर पुन्हा नदीत उतरले, पण एकही मासा लागला नाही. संध्याकाळी हे दारातच गुडघा शेकत बसले होते. "कालवणाचा मासा कुठाय?" मी हात हलवले. नात मात्र सांगत सुटली होती, की ट्राउट केंद्रात जमिनीखाली जाऊन काचेतून ओढ्यातले मासे बघता येतात, ते आपल्याकडे टकमक बघतात! तिथल्या मोटेलच्या खोल्यांना बहुतेक छोटं स्वयंपाकघर असतं, ही मोठी सोय. मी गुरगुट्या भात टाकला, वर तूप आणि मेतकूट. लेकीने दोनदा वाढून घेतला.

ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. मी सव्वा महिना तेल-मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं मनासारखं केलं. निघताना गाइडबाईने दिलेला तो गुलाबी गोंडा आता माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

परवा लेकीचा फोन आला होता. मे महिन्यात दोन्ही मुलांना घेऊन येते आहे, चांगली महिनाभर. म्हणाली, "आई, आंबे ठेव. आणि मावशीला सांग, गाबोळी आण म्हणावं."