चौकोनी खाच की गोल?

साचा उघडला की बंदुकीची शिशाची गोळी आपोआप खाली पडायला हवी. अमेरिकेत बॉइसीतल्या एका गॅरेजमध्ये एका साच्यातून ती पडत होती, दुसऱ्यातून पडेना. यजमानांनी लाकडी हातोडीने बिजागरीवर दोनदा ठोकलं, तेव्हा कुठे गरम, चकचकीत गोळी खाली अंथरलेल्या जाड टॉवेलवर आली. दोन्ही साच्यांवर क्रमांक मात्र एकच: ४२९४२१.

फरक होता तो गोळीच्या अंगावरच्या खाचेत. एकीची खाच गोलसर, दुसरीची चौकोनी: तळ सपाट, कडा जवळजवळ उभ्या. या खाचेत वंगण भरतात. गोळ्या ताटात उभ्या करून भोवती मेणाचं पातळ मिश्रण ओततात. ते थिजलं की बर्फीसारख्या थरातून एकेक गोळी कापून काढायची. हे काम मीही केलं, आणि बोटं दिवसभर चिकट राहिली. वंगण कमी पडलं तर नळीतल्या आट्यांना शिसं चिकटत जातं आणि नेम बिघडतो.

या ४२९४२१ क्रमांकाच्या गोळीचं डिझाइन एल्मर कीथ यांचं. रानावनात वाढलेला, पुढे आयडाहोतल्या सॅमन गावी स्थायिक झालेला हा शिकारी-लेखक. १९२५ मध्ये ४ जुलैला, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या जल्लोषात बार काढताना त्यांच्या हातातलं .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर फुटलं आणि ते .४४ स्पेशल काडतुसाकडे वळले. त्यासाठी त्यांनी साचे बनवणाऱ्या लायमन कंपनीकरिता आखलेली गोळी सुमारे २५० ग्रेनची, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास. सारख्या रुंदीचे तीन पट्टे आणि खोल, चौकोनी खाच, ही तिची ओळख. कंपनीने पुढे खाच गोल केली. कीथ यांना ते रुचलं नाही, आणि त्यांनी ते लेखांतून बोलूनही दाखवलं.

हिशेब त्यांच्या बाजूने आहे. रुंदी आणि खोली तेवढीच ठेवली, तर गोलाकार खाचेच्या छेदाचं क्षेत्रफळ चौकोनीच्या सुमारे ७९ टक्केच भरतं. पण शिसं थंड होताना चौकोनी कोपरे साच्याला धरून बसतात. मला विचाराल तर साचा बनवणाराही चुकला नव्हता. तासन्‌तास गोळ्या ओतणाऱ्याला सुटसुटीतपणाच हवा असतो.

आणि खाचच नसली तर? १८५३ च्या एनफिल्ड रायफलची प्रिचेट गोळी गुळगुळीत होती, त्यामुळे वंगण काडतुसाच्या कागदाला बाहेरून लावावं लागे. दातांनी तोडायचं ते दारूचं टोक, वंगण दुसऱ्या टोकाला. पण जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीतून गाय-डुकराच्या चरबीची बातमी पसरली, तेव्हा हा बारकावा ऐकायला कोण थांबणार होतं! त्याच काळात अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रकारखान्यातल्या जेम्स बर्टन यांच्या गोळीला तीन खाचा होत्या. तिथे मेण आणि चरबीचं मिश्रण त्या खाचांत भरलेलं असे, कागदाच्या आत.