वीस सेकंदांचं भोक

वीस सेकंद! पहिल्यांदा मोजले तेव्हा वाटलं, मोबाईलचं बटण दाबायला उशीर झाला असेल. दुसऱ्या जॉबला पुन्हा मोजले. तिसऱ्याला हाताखालच्या पोराला मोजायला लावले. वीसच! ६३ मिलिमीटर जाडीचा ईएन-८ पोलादाचा गोल तुकडा, लांबी ६० मिलिमीटर, आणि त्यात आरपार २५ मिलिमीटरचं भोक. हेच भोक मी बावीस वर्षं पाडतोय आणि गेल्या महालक्ष्म्यांपर्यंत त्या एका भोकाला माझी चार मिनिटं जात होती.

आमचं वर्कशॉप बीडला. बीड म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते, आणि ते खरंच आहे. दसरा झाला की लाखो माणसं बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर निघतात. पण माणसं निघायच्या आधी त्यांच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या तयार व्हाव्या लागतात, आणि त्या दोन महिन्यांत आमच्यासारख्यांच्या दारात रांग लागते. कुणाचा हब गेलेला, कुणाची पिन झिजलेली, कुणाच्या ट्रॉलीच्या बिजागरीत बुश उरलेलाच नाही. बुशच बुश! आणि प्रत्येक बुशात भोक.

जुनी रीत अशी. आधी सेंटर ड्रिल. मग १२ चं ड्रिल. मग २५ चं टेपर शँकवालं एचएसएस ड्रिल, २५० आरपीएमवर, थोडं आत, बाहेर, चिपा झटकायच्या, पुन्हा आत. सीएनसी लेथ घेतलं तेव्हाही मी तीच सवय मशीनला शिकवली. जी-७४ लावायचं, पाच-पाच मिलिमीटरला माघार. ड्रिल बोथट झालं की ग्राइंडरवर धार लावायची, धार एका बाजूला कमी-जास्त झाली की भोक मोठं यायचं. यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही, कारण माझ्या उस्तादानंही असंच पाडलं होतं.

मग महालक्ष्म्यांना भाचा आला. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकून तो आता वाळूजला सेटर आहे. १९८५ साली तिथं बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांची शेकडो वर्कशॉप उभी राहिली, त्यातल्या एकात. जेवण झाल्यावर म्हणाला, "मामा, चला, तुमच्यासाठी एक चीज आणलीय." पिशवीतून काढलं ते यू-ड्रिल. आखूड, जाड, टोक नसलेलं! ड्रिलला टोक नाही हेच मला पटेना. पुढच्या तोंडावर दोन खाचा, प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढीही नाही अशी चौकोनी कार्बाइडची टीप, बारीक स्क्रूनं आवळलेली. एक टीप मधोमध, दुसरी कडेला.

पहिला जॉब मीच लावला, आणि मला येतं तसाच लावला. सेंटर ड्रिल मारलं, जी-७४ ठेवलं. तिसऱ्या माघारीनंतर ड्रिल आत गेलं आणि टक्! मधल्या टिपेचा कोपरा उडाला. भाच्यानं मशीन थांबवलं. "मामा, मागं कशाला घ्यायलात?" एवढंच विचारलं त्यानं.

आणि मग मशीनच्या दारात उभं राहून त्यानं मला जे सांगितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाला, आजोबांचं खळं आठवा. मेढीला पात जुंपलेली आहे. मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चालतो, कडेचा बैल तेवढ्याच वेळात अख्खा फेरा पळतो. म्हणून मेढीजवळ म्हातारा, सोशिक बैल जुंपायचा आणि कडेला चपळ. बस्स! यू-ड्रिल म्हणजे तेच खळं. भोकाच्या ऐन मध्यावर कापायचा वेग शून्य असतो. तिथं धातू कापला जाण्यापेक्षा रेटला जातो, म्हणून मधल्या टिपेची ग्रेड चिवट, मार खाणारी. कडेच्या टिपेला मिनिटाला दीडशे मीटरच्या वर पळायचं असतं, तिथं उष्णता आणि घासणं, म्हणून तिची ग्रेड कठीण, झीज सोसणारी. माप एकच, दिसायला जुळ्या, पण जागा बदलून चालत नाही. मी लगेच दोन डब्या केल्या आणि त्यांवर रंगाचे ठिपके मारले.

आता सेंटर ड्रिल का नको, ते लख्ख कळलं. टोकदार ड्रिलला वाट दाखवावी लागते, नाहीतर ते भरकटतं. याच्या दोन टिपा मात्र एकमेकींचा रेटा तोलून धरतात. आधीच खड्डा केला तर मधल्या टिपेला चावायला काही उरत नाही, तोल जातो. आणि माघार का नको? मागं आलं की सुटी चिप टिपेखाली सरकते, पुढच्या उडीला कार्बाइड तिच्यावर आदळतं. कार्बाइड कठीण आहे पण ठिसूळ आहे. १९२० च्या दशकात जर्मनीत क्रुपनं ते ‘विडिया’ नावानं बाजारात आणलं, त्या नावाचा अर्थच ‘हिऱ्यासारखं’. हिऱ्यावर हातोडी मारू नये.

मग दुसरा जॉब. नवा कोपरा फिरवला. जी-९७ वर २००० आरपीएम. हे मुद्दाम लिहितो, कारण व्यासानुसार फेरे बदलणारं जी-९६ राहिलं असेल तर एक्स शून्याला येताच चक कमाल वेगानं भिरभिरेल. फीड फेऱ्याला ०.१ मिलिमीटर. कूलंट आधी चालू, मग सरळ जी-०१, एका दमात आरपार. मी श्वास धरून उभा. लोड मीटर चढलं आणि एका जागी थांबलं. आवाज? किंचाळी नाही, खरखर नाही, जाड कापड एका ओढीत फाडावं तसा सलग आवाज. आणि वीस सेकंदांत काम खलास!

चिपांचा ट्रे ओढला आणि मी खाली बसलोच. दोन जातीच्या चिपा! कडेच्या टिपेच्या स्वल्पविरामासारख्या आखूड, मधल्या टिपेच्या पिळदार, छोट्या शंखासारख्या. या दोन ओळखायला शिकलो आणि मशीन माझ्याशी बोलायला लागलं. दुसऱ्या दिवशी साध्या एमएसचे बुश लावले तर चिपा लांबट येऊन ड्रिलभोवती गुंडाळायला लागल्या. टर्निंगमधला माझा हात सांगत होता, फीड वाढव, चिप तुटेल. भाचा फोनवर म्हणाला, उलटं करा, वेग वाढवा आणि फीड कमी करा. चक काय सोसतो ते बघून २८०० आरपीएम आणि ०.०६ फीड ठेवलं. चिपा तुटल्या! मऊ लोखंडाला यू-ड्रिलमध्ये हाच उतारा.

कूलंटबद्दल तर किती सांगू. याच्या पोटातून दोन वाटा जातात आणि थेट टिपांजवळ फुटतात. बाहेरून नळी धरून भागत नाही, खोल भोकात पाणी पोचायच्या आतच चिपा दाटतात. आमच्या गावाजवळ निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे, तिचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शेतांपर्यंत जातं. लहानपणी ते बघून जेवढं नवल वाटलं होतं, तेवढंच मला ड्रिलच्या तोंडातून सुटलेल्या त्या दोन धारा बघून वाटलं. आमच्या बोअरचं पाणी मात्र जड. त्यात कूलंट नीट मिसळत नाही, वर तेलाची साय धरते आणि वाटा बुजायला लागतात. आता टाकीला गाळणी बसवली आहे आणि कूलंटसाठी फिल्टरचं पाणी आणतो. पंपही बदलला, जुन्याला दाबच नव्हता.

सर्वांत देखणी गोष्ट सेंटरिंगची. लेथवर ड्रिल स्थिर आणि जॉब फिरतो, त्यामुळे ड्रिलचा मध्य स्पिंडलच्या मध्याशी जुळायलाच हवा. डायल लावून तपासतो, पण खरी साक्ष भोकाचा तळ देतो. दहा मिलिमीटर आत जाऊन थांबायचं आणि टॉर्च मारून बघायचं. तळाच्या मधोमध टाचणीच्या माथ्याहूनही लहान, अर्ध्या मिलिमीटरच्या आतला खुंट उभा दिसला की समजायचं, जमलं. खुंट जाड असेल तर मधली टीप खाली आहे. अजिबात नसेल तर ती मध्याच्या वर गेली आहे आणि आता ती घासून फुटणार. माझा खुंट जाड आला. ड्रिल १८० अंशांनी फिरवून बसवलं, पुन्हा पाहिलं, आणि तो बारीक, चकचकीत खुंट दिसला तेव्हा मी पोराला हाक मारून मारून बोलावलं.

एक धोका मोठ्यानं सांगायला हवा. आरपार भोकात शेवटच्या क्षणी तळाची एक चकती सुटते, कपाळाच्या टिकलीएवढी पातळ, पण तापलेली आणि कडेनं वस्तऱ्यासारखी. फिरत्या जॉबमधून ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. पहिल्यांदा चकच्या पोकळीत टण्ण आवाज झाला तेव्हा मला कळलंच नाही काय ते. आता दार बंद असल्याशिवाय सायकल सुरू होत नाही आणि स्पिंडलच्या मागच्या तोंडाला पत्र्याचं झाकण आहे. याच चकतीमुळे दोन पट्ट्या एकावर एक ठेवून हे ड्रिल चालवायचं नाही. वरच्या पट्टीची चकती मध्येच अडकते आणि टिपा गेल्याच.

आणि कडेची टीप एक्सच्या रेषेत बसवली की ऑफसेट देऊन भोक थोडं मोठंही करता येतं! ड्रिल बनवणारा जेवढी मुभा देतो तेवढंच, त्याच दिशेला, फीड उतरवून. हे ड्रिल बेअरिंगच्या मापाचं भोक देत नाही, दोन दशांश इकडेतिकडे राहतंच, शेवटचा हात बोरिंग बारनंच फिरवावा लागतो. पण बोरिंगला येणारं भोक आता सरळ असतं, त्यामुळे तेही काम हलकं झालं.

टिपेला चार कोपरे. माझ्या ईएन-८ वर एक कोपरा साठ-सत्तर बुश काढतो. फुटेपर्यंत वाट बघत नाही. आवाज जाड झाला, लोड मीटरचा काटा रोजच्यापेक्षा वर सरकला, की फिरवली. ग्राइंडरपाशी रोज जाणारा वेळ सगळा वाचला. फिरवताना खाच हवेनं साफ करायची, बोटानं पुसून बघायची, कारण एक कण जरी टिपेखाली राहिला तरी ती अधांतरी बसते. स्क्रूची खाच पसरली की स्क्रू टाकून द्यायचा.

दसऱ्याआधीच्या ट्रॉल्या या वर्षी आठ दिवस आधी दारातून गेल्या. ऊसतोडीचा मुकादम विचारत होता, नवं मशीन घेतलं का. मी त्याला आत नेलं, दार लावलं, सायकलचं बटण दाबलं आणि म्हणालो, मोजा.

खंडेनवमीला पाटावर जुनं टेपर शँक ड्रिल मांडलं, उस्तादाचं मायक्रोमीटर मांडलं आणि मधोमध यू-ड्रिल उभं केलं. झेंडू वाहिला. हळदीकुंकू ड्रिलच्या दांड्याला लावलं, टिपांच्या खाचेत मात्र कणभरही जाऊ दिलं नाही.