सावनेरचा संत्रेवाला केपच्या किनाऱ्यावर

गॉर्डन्स बे मागे पडलं की रस्ता डोंगराच्या कडेला चिकटून धावू लागतो. उजव्या हाताला फॉल्स बेचं निळं-काळं पाणी, डाव्या हाताला खडकाळ उतार. त्या उतारावर, जिथे आपल्याकडे कुसळंसुद्धा धड उभी राहिली नसती, तिथे केशरी-पिवळ्या फुलांची झुडपं वाऱ्याशी झुंजत उभी होती. भाचीने गाडी कडेला घेतली. ‘‘मामा, हेच पिनकुशन. हेच मला घरी लावायचंय.’’

सप्टेंबर संपत आला होता. सावनेरात तेव्हा आंबियाची संत्री रंग धरायच्या बेतात असतात, आणि मी बाग सोडून केप टाउनला आलो होतो. भाचीचं घर फिश होकला, समुद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ. २०१५ ते २०१८ या दुष्काळात या शहराचे नळ बंद पडायची वेळ आली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी दिवसाला फक्त ५० लिटर पाणी वापरायची मुभा होती. घरासमोरची हिरवळ त्यात वाळून गेली ती गेलीच. त्या जागी कमी पाण्यावर जगणारं, खारा वारा सोसणारं फुलझाड तिला हवं होतं, आणि मामा बागाईतदार म्हणून सल्ला माझ्याकडे मागितला होता.

मी उतरून फूल जवळून पाहिलं. टाचण्या खोचलेली उशीच जणू. ती प्रत्येक टाचणी म्हणजे एकेका बारीक फुलाचं वाढलेलं कुक्षीवृंत, आणि तिच्या टोकावर फूल उमलायच्या आधीच परागकण चिकटवून ठेवलेले. मधासाठी पक्षी येतो आणि डोक्यावर पराग घेऊन जातो. थोड्या वेळाने तो आलाच. लांब शेपटीचा शुगरबर्ड, जो फक्त या टोकाच्या प्रदेशात राहतो. आपल्या शिंजिरासारखी वाकडी चोच, पण अंगाने कितीतरी मोठा. वाऱ्याने ती शेपटी आडवी होत होती, तरी पठ्ठ्या फांदी सोडेना.

पुढे रूई एल्स, मग बेटीज बे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात हॅरल्ड पोर्टर वनस्पती उद्यान आहे. मागचा सगळा कोगलबर्ग डोंगर १९९८ पासून युनेस्कोच्या यादीतलं जीवावरण क्षेत्र आहे, दक्षिण आफ्रिकेतलं पहिलं. तिथल्या एका माळ्याशी मी बराच वेळ बोललो. माझं इंग्रजी तोडकं, पण मातीवर बोलायला फार शब्द लागत नाहीत. त्याने झुडपाखालचा पालापाचोळा हलकेच बाजूला केला. वरच्या थरातच बारीक मुळ्यांचा दाट झुबका. या मातीत स्फुरद जवळजवळ नाहीच, म्हणून पिनकुशनसारख्या प्रोटिया कुळातल्या झाडांनी हे झुबके वाढवले. कणाकणातून स्फुरद ओढून घेणारी ही मुळं भरपूर स्फुरद मिळाला तर थांबत नाहीत, आणि झाडाला विषबाधा होते. सुपर फॉस्फेटची एक ओंजळ म्हणजे झाडाचा मृत्यू. खोडाभोवती खुरपायचंही नाही, मुळ्या तुटतात.

आम्ही शेणखत आणि सुपर फॉस्फेट घातल्याशिवाय खड्डा भरत नाही. त्यामुळे हे ऐकताना मी थबकलो. पण पुढचं ऐकलं ते अगदी ओळखीचं निघालं. या झुडपाचा खरा काळ पाण्याचा ताण नव्हे, तर उन्हाळ्यात मुळाशी साचलेली ओल. फायटॉप्थोरा नावाची बुरशी मूळ कुजवते आणि हिरवंगार झाड बघता बघता माना टाकतं. सावनेर, काटोल, नरखेडच्या बागाईतदाराला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आमच्या संत्र्याला डिंक्या होतो तो याच बुरशीच्या भाऊबंदांमुळे. भारी काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबलं की खोडातून डिंक वाहतो आणि हाताशी आलेलं झाड जातं. बोर्डो पेस्ट लावून लावून आमचे हात निळे झालेत.

दुष्काळ सोसणारं झाड कोणतं, असं लोक विचारतात तेव्हा पाऊस कधी पडतो हे विचारायचं राहून जातं. केपला पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये. उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा. पिनकुशन थंडीत पाणी पितं आणि उन्हात कोरड्या वाळूत तग धरतं. आमच्याकडे उलटं. जमीन तापलेली असतानाच हजार मिलीमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि तोही चुनखडीच्या चिकण मातीवर. सावनेरला हे झुडूप पहिला पोळाही बघणार नाही. रोप सोबत नेण्याचा विचार मला शिवलाही नाही. मुळाच्या मातीतून परदेशी बुरशी संत्र्याच्या गावात नेणं हे पापच.

माळ्याने बियांची गोष्टही सांगितली. बीला एक तेलकट टोक असतं. मुंग्या त्यासाठी बी वारुळात नेतात, टोक खाऊन बी तिथेच टाकतात. वणवा येतो, बहुतेक झुडपं जळतात, आणि जमिनीखालचं बी मग उगवतं. पण बाहेरून आलेली अर्जेंटिनाची मुंगी टोक वरच्या वर खाते, बी पुरत नाही. उघड्यावरचं बी उंदीर फस्त करतात. एका मुंगीपायी डोंगरावरचं एक झुडूप विरळ होत जातं. मला हे फार लागलं.

परतल्यावर भाचीच्या अंगणातली मूठभर वाळू बशीत घेऊन मी तिच्यावर व्हिनेगर ओतलं. फेस आला. वाळूत शिंपल्यांचा चुरा होता, म्हणजे चुना. बहुतेक पिनकुशनांना आम्लधर्मी वाळू लागते. पण स्टॅनफर्ड ते केप अगुलासच्या किनाऱ्यावर चुनखडीवरच वाढणारी एक जात आहे, ल्युकोस्पर्मम पॅटरसोनी. केशरी फूल, माणसाच्या डोक्यावर जाणारी उंची. चुनखडीच्या जमिनीसाठी तिचा खुंट वापरतात, हे कळल्यावर मला जंबेरीच आठवली. आम्ही संत्र्याचा डोळा जंबेरीवर बांधतो तो याच कारणाने: वरची फांदी फळासाठी, खालचं मूळ मातीसाठी.

‘‘मग आत्ताच आणू रोपं?’’ ती म्हणाली.

‘‘आत्ता नाही गं. एप्रिलमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी. हिवाळाभर मूळ खाली जाऊ दे.’’

आल्यापासून तिच्या कंपोस्टच्या ढिगाकडे मी संशयानेच बघत होतो. तो शेजारच्या भाजीच्या वाफ्याकडे वळवायला लावला. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर, म्हणजे वारा खेळता राहील. वर लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, खोडाला मात्र न टेकवता. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी, तेही सकाळी. नंतर नळी गुंडाळून ठेवायची. फूल कापताना लांब दांडा घ्यायचा, पण जुन्या, बिनपानाच्या लाकडावर कात्री चालवायची नाही, तिथून पुन्हा फुटवा येत नाही. तिने हे सगळं फ्रिजवर लावायच्या कागदावर लिहून घेतलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत स्वतःच भर घातली: खत नाही.