घरातच राहा, सुरक्षित राहा

टाळेबंदीतली ही घोषणा आमच्या नाते गावातही कानीकपाळी ओरडून सांगितली जात होती. मुंबईची कामे बंद पडली, आखातात जाणारे इथेच अडकले. वर्षाकाठी महिनाभर दिसणारे पुरुष महिनोन् महिने घरात, हाताला काम नाही, खिशात पैसा नाही. त्या वर्षी रमजानही कुलूपबंद दारांआड गेला. कुठल्या घरात इबादत चालली आहे आणि कुठल्या घरात जुल्म, हे भिंतीपलीकडच्या शेजारणीलाच ठाऊक.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्ही शिक्षक घरोघर फिरलो. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. एका बाईने हात पुढे केला तर मनगटावर वळ. नवरा दारातच उभा. “मोरीत घसरले, टीचर,” ती म्हणाली. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे पोषण आहाराचा तांदूळ न्यायला ती शाळेत एकटीच आली आणि बोलली. मे महिन्यात ती चालत पोलिसांकडे गेली होती. कोणत्या ठाण्यात, ते लिहीत नाही. “संचारबंदी आहे, बाहेर कशाला फिरतेस? मियाँबीबीचे भांडण, जमातीत मिटवा,” असे सांगून तिला परत पाठवले. जमात बसणार कुठे? मशिदीही बंद होत्या. पोलीस रात्रंदिवस नाक्यांवर राबत होते, हे आम्ही पाहिले आहे. त्यांची कदर आहेच. पण घरी परत पाठवलेली बाई त्या रात्री कुणाच्या स्वाधीन झाली, हे कुणी विचारले?

राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला. सोय चांगली, मात्र मोबाइल घरात एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दक्षिण रायगडात खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नाही, रेंज नाही. क्रमांक पाठ असला तरी लावायचा कुठून?

त्याच एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने वेगळा विचार केला. टाळेबंदीत घरात मारहाण करणारा समजावूनही ऐकत नसेल, तर त्यालाच संस्थात्मक विलगीकरणात पाठवण्याचे तिने जाहीर केले. आम्हांला हे फार पटले. नेहमी बाईनेच मुले आणि कपड्यांचे बोचके घेऊन माहेर गाठायचे. इथे प्रथमच कुणीतरी मारणाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढण्याची भाषा केली.

खरे तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती भाषा आधीपासून आहे. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर नसले तरी. कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच घर सोडायला सांगू शकतात. आणि कलम ५ प्रमाणे, तक्रार कानावर आलेल्या पोलिसाने तिला संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत, गुन्हा नोंदवण्याचा हक्क, हे सारे सांगायचेच असते. कायद्यात महामारीची सवलत कुठेही नाही.

तांदळाच्या रांगेतल्या आयांना आम्ही हे सांगू लागलो, तेव्हा एकीने हळूच विचारले, “पोलिसांत गेले तर निकाह तुटतो का?” बहुतेकींच्या मनात हीच भीती. नाही तुटत. हा कायदा सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे आणि त्यात तलाक किंवा खुला मागावाच लागत नाही. मारू नकोस, खर्च दे, घरातून काढू नकोस, एवढेच मागता येते. काहीजणींनी संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक रेशनकार्डाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतला, नाव न लिहिता.

शेजारणींचा प्रश्न वेगळा होता: आपण कळवले तर आपल्यावरच बालंट येईल ना? कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल देणाऱ्यावर ना दिवाणी दावा होतो, ना फौजदारी.