नऊ वाजून सात मिनिटं

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. माझी भिवंडी गोदामांची आहे. मानकोली नाक्यावरून आत वळलं की पत्र्याची लांबच लांब छपरं सुरू होतात. तुम्ही रात्री झोपता झोपता ऑर्डर केलेला चार्जर कदाचित अशाच एखाद्या छपराखालून निघत असेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेल्या वर्षी अशा एका गोदामात हजेरीची सिस्टीम बसवायला गेलो होतो. कामगारांनी मशीनवर अंगठा लावायचा, पुढचा हिशोब आमचा कोड करणार. मॅनेजरनी नियम सांगितला: नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत चालेल, त्यानंतर अर्धा तास कापायचा. मी तो तीन ओळींत लिहिला. टेस्ट पास झाली. मग डबा उघडला, डोळे मिटले आणि अन्नाबद्दल देवाचे आभार मानले.

आमचं कुटुंब मूळ नगरकडचं, चार पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती. भेटल्यावर ‘सलाम’ म्हणणारं, रविवार न चुकवणारं. देवापासून दूर जाणं म्हणजे दारू, जुगार, उपासनेला दांडी, असं माझं लहानपणापासूनचं गणित. त्या गणितात मी उत्तम मार्कांनी पास होतो.

महिनाभरानं पॅकिंगवाल्या एका मावशींनी मला गाठलं. हातात पगाराची चिठ्ठी.

“दादा, मशीन चुकतंय का बघा ना. मी नऊ सातला आत आले होते.”

नऊ सात म्हणजे अर्धा तास गेला. उशीर सात मिनिटांचा, उरलेली तेवीस मिनिटं फुकट काम. महिन्यात दहा वेळा असं झालं तर २३० मिनिटं, म्हणजे जवळजवळ चार तास. अर्धी पाळी! आणि उशीर का होतो ते मलाही ठाऊक होतं. कंटेनरच्या रांगेत त्यांची शेअर रिक्षा अडकायची, तिथेच माझी कॅबही अडकायची. मला मात्र कोणी अंगठा लावायला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, “मावशी, सिस्टीमच तशी आहे.”

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते सोपं गेलं.

त्यानंतर काही भयंकर घडलं नाही. वीज कोसळली नाही, झोप उडाली नाही. फक्त डब्याआधीची प्रार्थना आखूड होत गेली. प्रभुभोजनाच्या रविवारी मी ‘रिलीज आहे’ म्हणून घरी राहिलो. रिलीज नव्हती. देव कुठे गेला नव्हता, मीच त्याच्यासमोर फार वेळ बसायचं टाळत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेलो. आजीच्या उशाशी ‘स्मृतिचित्रे’ असतं, पानं सुटी झालेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं लहानपण काही काळ भिवंडीशेजारच्या कल्याणात गेलं. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा धक्का होता. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं सांभाळत स्वतःपुरतं वेगळं रांधत राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधली वर्षं कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाच्या हातचं अन्न चालेल, या रोजच्या प्रश्नांची होती.

आजी म्हणते, “बाई एका दिवसात ख्रिस्ती झाली नाही रे. एकेका तांब्यानं झाली.”

मला वाटलं, मग माणूस एकेका तांब्यानं उलटाही जात असणार. माझा तांब्या तीन ओळींचा होता.

द्राक्षमळ्याचा दाखला मी संडे स्कूलमध्ये अभिनयासह सांगून बक्षीस मिळवलं होतं. मळ्याचा धनी दिवस मावळायला आला तेव्हा आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आमच्या सिस्टीममध्ये तो धनी एरर ठरला असता.

परत आल्यावर कापलेल्या मिनिटांचा रिपोर्ट काढला आणि मॅनेजरसमोर ठेवला. उशीर जितका, कपात तितकीच करा, एवढंच माझं म्हणणं. “सगळीकडे असंच चालतं,” ते म्हणाले. आमचा टीम लीड फोनवर म्हणाला, “क्लायंटला शिकवायला जाऊ नकोस.” अप्रेझल तोंडावर होतं. मी तरी मेल पाठवला, लीडला सीसीत ठेवून. सेंड दाबताना बोट थरथरत होतं, हे लपवत नाही.

दोन महिन्यांनी नियम बदलला. माझ्या मेलमुळे की दिवाळीनंतर माणसं सोडून जात होती म्हणून, कोण जाणे. आधी कापलेले पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत. जक्कयानं चौपट परत केलं होतं, मला एकपटही जमलं नाही. अप्रेझलही बेताचंच झालं. ही साक्ष म्हणून मंडळीत उभं राहून सांगण्यासारखी गोष्ट नाही.

एक काम मात्र मेल पाठवायच्या आधीच केलं होतं. चहाच्या सुट्टीत त्या मावशींना शोधलं.

“मावशी, मशीन चुकत नव्हतं. तो नियम मीच लिहिला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आमच्याच घरचं घड्याळ मागं पडतंय. पोराला नवीन आणायला लावलं.”